लॅकरखालचे ठसे

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. म्हणून जे घडलं तेवढंच सांगतो.

मी जुन्या गाड्यांच्या आतलं काम करतो. डॅशबोर्डवरच्या रिंगा, बटणं, दारांची आतली हँडल्स... असतं सगळं प्लॅस्टिक, पण वर क्रोमसारखा मुलामा. आमच्या खाऱ्या हवेत तो उडून जातो. मी उरलासुरला काढून पार्ट घासतो, चकचकीत काळा बेस मारतो, त्यावर आरशासारखा रुपेरी स्प्रे आणि शेवटी पारदर्शक लॅकर. शेड घरामागेच आहे, मालवणहून तारकर्लीला जाताना, माडांमध्ये.

मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या तात्यांची गाडी आली. काजूचा कारखाना मुलाकडे सोपवलेला, आता जीव फक्त त्या गाडीत. नातीची वरात त्यांना त्याच गाडीतून काढायची होती.

दारांची हँडल्स आणि काचा फिरवायचे दांडे काढून मी बाकावर मांडले. रुपेरी स्प्रे वाळल्यावर बघतो, तर एका हँडलवर वाफ धरलेली. आरशाजवळ तोंड नेऊन श्वास सोडावा तशी. विरली... पुन्हा धरली. बाकीची हँडल्स कोरडी. दमट हवा, दुसरं काय, असं म्हणून मी लॅकर मारलं.

सकाळी लॅकर कडक वाळलं होतं आणि त्यात बोटांचे ठसे होते. वर नाही — लॅकरच्या खाली. नख फिरवलं तर गुळगुळीत. बोटं माझ्या करंगळीहूनही बारीक. आमच्या घरात लहान मूल नाही. सगळं उतरवून पुन्हा केलं. पुन्हा तेच ठसे.

पण वरात तोंडावर आलेली. म्हटलं, बसवून टाकू. भर दुपारी मागच्या सीटवर बसून मी ते हँडल डाव्या दाराला बसवलं. बाकीची दारं धूळ नको म्हणून लावून घेतलेली, त्यांची हँडल्स अजून बाकावरच. शेवटचा स्क्रू आवळला आणि ते उघडं दार आपोआप लागलं. वारा नव्हता.

हँडल ओढलं. हलेना. काच खाली करायला दांडे नाहीत. आत भट्टी झालेली. मी काचेवर हात आपटून बायकोला हाका मारू लागलो. आणि माझ्या डोळ्यांदेखत हँडलवर वाफ धरली. माझं तोंड तिथून हातभर लांब होतं. वाफ धरायची, विरायची... भरभर, धाप लागल्यासारखी. मी श्वास रोखून धरला. वाफ थांबली नाही.

तेवढ्यात बायकोने बाहेरून दार उघडलं, एका हिसक्यात. मी जमिनीवरच पडलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, गाडीत बघत होती.

"तुमच्यावांगडा आत कोण होता?" तिने हळूच विचारलं.

"कोण नाही. का?"

"दोन आवाज येत होते. एक काचेवरसून. एक दाराच्या खालसून... बारीक."

मग मी हँडल हलवून पाहिलं. लोण्यासारखं फिरत होतं.

तात्यांना बोलावून सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हँडल हातात घेतलं आणि चेहराच उतरला.

"ह्यां माज्या गाडयेचां न्हय," ते म्हणाले. "माजां तुटलां. ह्यां भंगारातसून हाडलंय." मग म्हणाले, "खाडयेत टाकून दी."

"नको," बायको म्हणाली. "पाण्यात टाकून परत कोंडतलात तेका?"

तिने ते आमच्या गडग्यावर, कुंपणाच्या दगडी भिंतीवर, उघड्यावर ठेवलं. तात्यांची गाडी दुसरं हँडल लावून गेली, नातीची वरात नीट पार पडली.

तात्यांनी ते जिथून आणलं होतं, त्या भंगारवाल्याकडे मी जाऊन आलो. असे पार्ट कुठून कुठून पोत्यांनी येतात, एवढंच त्याला ठाऊक. हँडल अजून गडग्यावर आहे. उन्हाने मुलामा पिवळा पडलाय, ठसे आहेत तसेच. ते कुठल्या गाडीचं, त्या गाडीत काय झालं, आणि त्या दुपारी माझ्या शेजारी बसून धापा टाकत होतं ते मूल होतं की आणखी काही... मला आजही सांगता येत नाही.