अक्षता आणि सर्व्हर

परवाच्या दसऱ्याला मी झेंडूचा हार घातलेला लॅपटॉप पाहिला. आमचे मेहुणे बापू त्या भंगाराला सर्व्हर म्हणतात आणि घरातले सगळे फोटो त्यात कोंबतात. त्याचा पंखा असा घरघरतो, की खालच्या मजल्यावरच्या बायका दळण घेऊन वर येतात. ताईने भक्तिभावाने अक्षता वाहिल्या, त्या जाळीतून थेट पंख्यात गेल्या आणि घरघर थांबली.

"अहो, आईचे फोटो त्यातच होते ना?" ताईने डोळ्यांना पदर लावला. आई गेली, त्यानंतर तेवढेच उरले होते.

"दोनशे दिवस एकदाही बंद पडला नव्हता गं," बापू हळहळले. "आता पुन्हा एकपासून मोजायचं."

असल्या छंदिष्टांना यंत्र तापलेलं दुसऱ्या खोलीतून कळतं. शेजारी बायको रडतेय हे कळायला मात्र तिच्या कपाळावरही लाल दिवा लुकलुकावा लागतो.