बाई दाखला देत नाहीत

जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालणं सोपं. आमच्या मोठ्या बाईंच्या शाळेतून जो नाव काढून दाखवेल, त्याला मी मानतो. आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत वर्ग चौथीपर्यंतच. पाचवीसाठी मुलांना आश्रमशाळेत जावं लागतं, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो मागायला पालक दारात आला रे आला, की मुख्याध्यापिका असलेल्या आमच्या बाईंच्या कपाटाची किल्ली हरवते. किल्ली सापडली तर रजिस्टर सापडत नाही. एका बापाला तर त्यांनी "आज मंगळवार हाये, मंगळवारी लेकराले घराबाहेर काढत नाई," असं सांगून परत पाठवलं, आणि तो बिचारा गेलाही! मी सहायक शिक्षक. त्यामुळे पालकांची बोलणी खायला मी, आणि किल्ली शोधायलाही मीच.

बरं, मुलं शाळेत असताना त्यांचे लाड करतात म्हणावं, तर तेही नाही. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मोहफुलांच्या दिवसांत वर्ग ओस पडला, की बाई थेट मोहाच्या झाडाखाली जाऊन बसतात आणि मुलांबरोबर फुलं वेचत पाढे म्हणून घेतात. टोपली भरली पण पाढा आला नाही, तर टोपली घरी जाऊ देत नाहीत. मग टोपलीसाठी आया भांडायला येतात, त्याही माझ्याशीच. मुलं पाढे शिकतात, हे मात्र मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

यंदा सुमनचा बाप तिसऱ्यांदा आला. सोबत सुमन आणि तिची पत्र्याची पेटी.

"बाई, आज द्याच. उद्या शेवटची तारीख हाये. नाव नाई चढलं त पोरगी घरीच बसन."

"शिक्का सुकला हाये," बाई म्हणाल्या.

पॅडवर शाई मीच सकाळी ओतली होती. माझा तोल सुटला. "घरीच बसवायची होती तर शिकवली कशाला, बाई?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

बाई हळूच म्हणाल्या, "मागे एका पोरीले असाच दाखला देल्ला होता, सर. तिले तिथी करमलं नाई. पळून आली, चालत. आता बकऱ्या चारते. इथी असती त मी घरून ओढून आणली असती ना."

मला माझीच लाज वाटली. पण दाखला तर हवाच होता. बाईंनी सही केली, शिक्का मारला, आणि "हे वेणी हाये का झाडू?" म्हणत सुमनची वेणी सोडून नव्याने घातली.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेतच आल्या नाहीत. मी इथे आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. चारही वर्ग एकट्याने सांभाळून माझा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठे दुपारी त्या एसटीतून उतरल्या. सुमनच्या मागोमाग आश्रमशाळेत गेल्या होत्या. तिचं नाव चढवून, वर अधीक्षिकेशी भांडून तिला खिडकीजवळची खाट मिळवून दिली होती.

"रडली का हो सुमन?" मी विचारलं.

"नाई ना! चार वर्षं माझ्या मांडीवर वाढली, आन् पोट्टीनं वळून नाई पाह्यलं. एका पोरीचा हात धरला न चालली गेली."

"मग चांगलंच झालं की, बाई."

"चांगलंच झालं ना," त्या म्हणाल्या, पदराने डोळे पुसले, आणि काही कारण नसताना पहिलीच्या पोरांवर खेकसायला लागल्या. एरवी मी मध्ये पडतो. त्या दिवशी पडलो नाही.