वाईच्या घाटावर सोडलेला हात

माझ्या नवऱ्यानं मला पसंत केलं ते वाईच्या घाटावर. त्या दिवशी खरं तर तो माझ्या ताईला बघत होता.

ताईचा डावा पाय जन्मापासून आखूड. मुळशीला आमच्या घरी पाहुणे आले तेव्हा आईनं तिला आधीच खुर्चीत बसवून ठेवलं आणि चहाचा ट्रे माझ्या हातात दिला. पाहुणे खूश! पण मुलाची आई बेरकी. निघताना म्हणाली, "रविवारी समदी मिळून वाईला जाऊया. गणपतीचं दर्शन हुईल, घाट बघू." दर्शन कसलं डोंबलाचं! तिला पोरगी चालताना बघायची होती. आईनं ते ओळखलं आणि मला दम दिला, "ताईचा हात सोडलास तर तंगडं मोडीन."

वाईत दिवसभर मी ताईला सावरत फिरले. देवळं झाली, बाजार झाला. "बहिणींची लई माया हाय," असं मुलाची आई दोनदा म्हणाली. माझा खांदा भरून आला होता, आणि ताई हळूच कानात म्हणते, "नेऱ्याला यांच्या बिल्डिंगला लिफ्ट हाय म्हणं." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. लहानपणापासून तिच्या चालीनं चालायचं मी, आणि लिफ्टमधून जाणार ही!

घाटावर आम्ही दोघी वरच्या पायरीवर उभ्या होतो. मुलगा खाली, पाण्याजवळ, मोबाइल धरून. "एकटीचा फोटो काढतो, या खाली," तो ताईला म्हणाला. तिनं माझा हात घट्ट दाबला. मी तो सोडवून घेतला.

ती उतरली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मूल उतरतं तशी. मुलानं मोबाइल खिशात टाकला.

त्याची आई माझ्या आईला म्हणाली, "धाकटीचं कुटं जमलंय का?"

मला वाटलं, आता आई हिचं थोबाड फोडणार.

"न्हाई अजून," आई म्हणाली. लगेच म्हणाली. खाली ताईला ते ऐकू गेलं. आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

परतताना त्याच्या आईनं मला गाडीत पुढं, त्याच्या शेजारी बसवलं. ताई सगळ्यांच्या मागून आली आणि चढायला आधार म्हणून सवयीनं माझ्या खिडकीशी हात पुढं केला.

मी काच वर घेतली.