फ्लॉवरवर धरलेले तळहात

चिखलीच्या त्या बाईंची चौकशी मी विसरू शकलेलो नाही, विसरायची इच्छा असूनही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा फौजदार होतो.

खबर सकाळीच आली: गावाने एका बाईला घेरलंय, लवकर या. आम्हाला उशीर झाला असता तर तिचं काही खरं नव्हतं. शेजाऱ्याचा फ्लॉवरचा प्लॉट करपला होता आणि पहाटे ती त्यात रोपांवर तळहात धरून उभी दिसली होती. तिचं स्वतःचं पीक मात्र टवटवीत. बाई बौद्ध वस्तीतली. करणीचा आळ घ्यायला गावाला आणखी काही लागलं नाही. शेजाऱ्याने विष टाकल्याची तक्रार दिली.

ठाण्यात मी तिला उभी करून दोन तास फैलावर घेतलं.

"काय टाकलंस?"

"काय न्हाई, साहेब. हात दिला. आजारी लेकराला देतो तसा. अंगातली ऊब रोपाला मिळती."

"मंत्र कुठला?"

"मंतर न्हाई, अंगारा न्हाई. खत-पानी समदं करते, वर हात. शेजारचं जळाया लागलं, मला बघवंना."

हवालदार हसले. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते. झडतीत काही सापडलं नाही. शेवटी वैतागून, जबाब पुरा करायचा म्हणून विचारलं, "सुरुवात कुठून केलीस?"

"वड्याकडनं. तिथली पानं आदी करपली. वल्या पानाला हात लागला की आग व्हती." तिने तळहात पुढे केले. कातडी सोलली होती.

मी जीप काढायला सांगितली. तिचं रान विहिरीवर, शेजाऱ्याचं ओढ्यावर. काठाने वर गेलो, तर एका पत्र्याच्या शेडमधून धातू धुतलेलं तेजाबाचं पाणी थेट ओढ्यात येत होतं. पंचनामा केला, नमुने तपासणीला पाठवले. शेडच्या मालकाने कबुली दिली. शेजारी मान खाली घालून तक्रार मागे घ्यायला आला.

बाईंना वस्तीवर सोडायला मी स्वतः गेलो. तोंडातून आपोआप 'तुम्ही' आलं. "बाई, हे आधीच का नाही सांगितलंत?"

"कोनी इचारलंच न्हाई, साहेब."

हाताच्या उबेने पीक वाढतं की नाही, त्यावर मी सही करणार नाही. पण शेजाऱ्याच्या त्या रानातलं रोपन्‌रोप तिच्याइतकं जवळून कुणीच पाहिलं नव्हतं, खुद्द त्यानेसुद्धा नाही. पुढे कुठलाही जबाब घेताना 'काय केलंस' याच्या आधी 'काय पाहिलंस' हे मी विचारत गेलो. ती माझी एकमेव साक्षीदार होती, आणि तिला मी दोन तास आरोपी म्हणून उभं ठेवलं होतं.