लांबून दिसणारं घर

विलास भावजी गेल्याचं शेजारच्या काकूंनी येऊन सांगितलं. आमचा फोन बंद होता, म्हणून ऑफिसातल्या लोकांनी त्यांच्याकडे केला होता. मी तांदूळ निवडत बसले होते. खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले, समोरचा कॉम्प्युटर चालूच होता, एवढंच कळलं. तांदळाचं ताट मी कुठे ठेवलं ते आठवेना... नंतर कुणीतरी जिन्यावरून आणून दिलं. त्याला आता महिना होऊन गेला.

भावजी माझे धाकटे दीर. माझं लग्न झालं तेव्हा शाळेत जायचे आणि सुट्टीत हट्टानं माझ्याबरोबर माझ्या माहेरी यायचे. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायची सवय नाही. पण जेवताना ते कामातलं सगळं मलाच सांगत, कारण घरात दुसरं कुणी ऐकून घेत नसे. डिप्लोमा झाल्यावर आधी ते शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, मग एका लहानशा नकाशाच्या ऑफिसात लागले. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो तिथे यायचे आणि ते लोकांना इंटरनेटवर बघता येतील असं करायचं, हे त्यांचं काम. फोटो एवढा मोठा की अख्खा मागवला तर बघणारा वाट बघून उठून जाई. म्हणून ते त्याचे सारख्या मापाचे चौकोनी तुकडे करून ठेवत. लांबून बघायचे वेगळे, जवळून बघायचे वेगळे. एक पायरी जवळ गेलं की एका तुकड्याच्या जागी चार लागत. माणूस बघेल तेवढेच तुकडे त्याच्याकडे पाठवायचे. तळ्यातल्या पाण्याचे तुकडे सगळे सारखेच, मग एकच ठेवायचा आणि तोच सगळीकडे दाखवायचा. हे सांगताना ते भाकरीचे चतकोर करून ताटात मांडत.

"वैनी, ही समदी आधीच करून ठेवल्याली भाकरी. पावणा आला की नुसती वाढायची."

"आधी करून ठेवली की वातड हुती," मी म्हटलं.

"माझी हुईत न्हाय," म्हणून ते हसले होते.

माझं माहेर कागलजवळचं. आमचा मळा आणि मळ्यातलं घर पंचतारांकित एमआयडीसीत गेलं. घर पाडलं तेव्हा मी बघायला गेले नाही. घराचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. फोटो काढले ते माणसांचे, लग्नात, मांडवात. घराचा काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

पुढे त्याच भागाचे नवे फोटो भावजींच्या ऑफिसात आले. जुने तुकडे काढून नवे घालायचे होते. भावजींनी जवळचे सगळे बदलले, पण लांबच्या एका पायरीचे जुनेच राहून गेले. ज्याचं काम होतं तो कंत्राटदार ऑफिसात येऊन ओरडायला लागला, "ओ पावणं, लांबनं घर दिसतंय आन् जवळ गेलं की सपाट! भूत ऱ्हातंय का काय तितं?" भावजींनी नकाशा उघडला, आणि घर ओळखलं.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "वैनी, भाकरी वातड झाली बगा." आणि सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटायची माझ्याकडून राहिली.

"मग आता?"

"आता काय, उद्या पुसायचं. चुकीचं दावून कसं चालंल?"

पुसू नका, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या नोकरीतलं काम, मी काय बोलणार... "बरं," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले ते थेट बाहेरच्या खोलीतल्या आपल्या कॉम्प्युटरपाशी बसले आणि मला हाक मारली. पडद्यावर नखाएवढा तांबूस चौकोन होता.

"ऑफिसातलं पुसलं. हितं त्याची नक्कल आणून ठेवलीया, ती न्हाय पुसली. ही हीर, ह्यो गोठा."

"आन् चिंच?"

"ह्यो काळा ठिपका न्हवं का, तिची सावली."

मग त्यांनी एकदा बटण दाबून जवळ नेलं. सपाट जमीन, डांबरी रस्ता, पत्र्याची शेड. परत मागे आणलं, तर घर जागेवर.

"लांबनंच बघायचं, वैनी. जवळ जाऊ नका."

कॉम्प्युटर कसा चालू करायचा तेही त्यांनी मला शिकवलं. दुपारी घरात कुणी नसलं की मी बघत असे.

गेल्या आठवड्यात माझी जाऊ शोभा, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "अक्का, ह्यो कॉम्प्युटरचा डबा माझा भाऊ न्हेतोय. आतलं समदं पुसून घील." तिचा भाऊ वायरी सोडवायला वाकलाही होता.

"पुसू नका!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की तो दचकून उभाच राहिला.

"आवं, वरडताय कशाला?" शोभा म्हणाली. "नगं तर नगं. ऱ्हाऊ दे रं त्यो."

काल दुपारी त्याच्यावरचं कापड काढून मी तो चालू केला. शोभा मागे येऊन उभी राहिली. मी तिला विहीर दाखवली, गोठा दाखवला, चिंचेची सावली दाखवली. ती वाकून बघत होती.

"लई बारीक दिसतंय की, अक्का. जवळ घ्या जरा."

"भावजींनी सांगितलंय," मी म्हटलं, "लांबनंच बघायचं."

तिनं खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसली.