बगळीचा आवाज

घरात तिला बगळी म्हणत. मान लांब, पाय लांब, आणि आवाज घोगरा. आठव्या वर्षी मोठं आजारपण आलं, त्यात घसा बसला तो पुन्हा सुटलाच नाही, असं आई सांगे. बगळीने दारातून हाक मारली की शेजारणीला वाटे, यांच्याकडे कुणी बाप्या पाहुणा आलाय. नाव थोरल्या भावाने ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे तिचे फोटो दुकानादुकानांत लागले तरी भावाच्या तोंडी बगळीच.

एकोणिसाव्या वर्षी ती शहराच्या सौंदर्यस्पर्धेत उतरली ती मावशीपायी. मावशी शिवणकाम करायची. तिने कुणाला न विचारता निळा झगा शिवून टाकला आणि म्हणाली, "झगा तयार आहे. तू नाही म्हणालीस तर मी घालून उभी राहीन, मग बसा तोंड लपवून."

बूट मात्र उसने होते, दोन नंबर मोठे. टाचेत कापूस कोंबून बगळी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. तिथे परीक्षकांनी विचारलं, "मुकुट मिळाला तर सगळ्यात आधी काय कराल?" आधीच्या मुलींनी गोरगरिबांची सेवा वगैरे घोकून आणलेलं म्हणून दाखवलं होतं. बगळी म्हणाली, "आधी हे बूट काढीन."

त्या भरड्या आवाजात ते असं काही ऐकू आलं की सभागृहात हशा पिकला. मुकुट तिला मिळाला. बूट तिने खरोखरच मंचावर काढले.

वर्षभरात सिनेमा आला. दिग्दर्शकाने चेहरा चारही बाजूंनी न्याहाळला, दोन वाक्यं म्हणायला लावली आणि हसून मान डोलावली. बगळीने जीव तोडून काम केलं. पानंच्या पानं संवाद पाठ केले, रडायच्या प्रसंगाला तर डोळ्यांत काही न घालता रडली. आवाजाबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पहिल्या खेळाला एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी आणि मधे बगळी. पडद्यावर तिचे ओठ हलले आणि आवाज निघाला भलत्याच बाईचा. गोड, भरलेला, कानात अलगद उतरणारा. बगळी खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागली. आईने तिचा हात घट्ट धरला. "अगं, किती गोड बोलतेस!"

"मशीनवर गोड करतात," बगळी पुटपुटली.

एवढंच खोटं ती बोलली, पण ते पुढे सव्वीस वर्षं पुरलं.

तीन वर्षांत सात सिनेमे झाले आणि सातही सिनेमांत आवाज त्याच बाईचा. रस्त्यात माणसं गाठत, "ते वाक्य म्हणून दाखवा ना एकदा." बगळी तोंड उघडायची आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. एका वर्तमानपत्राने लिहिलं की नायिका देखणी आहे, पण प्रेक्षक रडतो तो तिच्या आवाजाने. बगळीने तो कागद चौघडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल स्थिर झालं, तिचं मन काही झालं नाही.

एकदा न राहवून ती ध्वनिमुद्रण चालायचं त्या इमारतीत गेली आणि काचेआडून पाहत उभी राहिली. आवाज होऊ नये म्हणून बाईने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. वय तिशीचं, डोळ्यांवर जाड चष्मा, नाक चपटं. समोरच्या पडद्यावर बगळीचं तोंड हलत होतं आणि बाई त्यात आपले शब्द चमच्याने भरवावेत तसे भरत होती. मधेच थांबून कोमट पाणी प्यायली, जांभई दिली आणि पुन्हा तोच गोड सूर.

'दिसायला तर अगदीच यथातथा,' बगळी मनात म्हणाली. हे समाधान जिना उतरेपर्यंत टिकलं.

आठव्या सिनेमाच्या वेळी तिने हट्ट धरला. "माझं मी बोलणार. नाहीतर काम करणार नाही."

निर्माता म्हणाला, "बरं." आणि त्याने दुसरी मुलगी घेतली.

तो सिनेमा बगळी एकटी जाऊन बघून आली. नवी मुलगी, नवा चेहरा, आणि तोंडातून निघाला तोच आवाज. बगळीच्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या मुलीचा राग तिला आलाच नाही. राग आला त्या चष्मेवालीचा. चेहरा बदलला तरी तिचं काही अडलं नव्हतं.

पुढे पडद्यांच्या दुकानदाराशी तिचं लग्न झालं. "पडद्यावरून उतरली ती पडद्यांत येऊन पडली," हा भावाचा विनोद लग्नात तीनदा झाला. नवरा साधा माणूस. पहिल्याच भेटीत तिचा आवाज ऐकून तो चमकला होता, पण म्हणाला, "बरं झालं. माळ्यावरच्या पोऱ्यांना ऐकू जाईल असं बोलणारं दुकानात कुणीच नाही." बगळीला तेव्हा हसूही आलं आणि लागलंही. पण कामात ती पटकन रुळली. खिडकी नुसती बघून चुण्यांसकट किती कापड लागेल ते सांगायची, आणि तिचा अंदाज वीतभरही चुकत नसे.

वडील गेल्यावर आई तिच्याकडे राहायला आली. मग हळूहळू आईची नजर गेली. जावयाने बगळीचे सातही सिनेमे मिळवून टीव्हीला जोडून दिले. आता रोज दुपारी आई म्हणे, "लाव गं तुझा सिनेमा." दिसत काहीच नसे. ती मान कलती करून नुसती ऐकत बसे आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुख पसरे ते बगळीने स्वतःच्या बोलण्याने कधी पसरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा निदान पडद्यावर चेहरा तरी तिचा होता. आता तोही आईच्या लेखी उरला नव्हता.

एके दिवशी शेजारीण बसली होती. लहानपणीचा बसलेला घसा आई आता पार विसरली होती. ती शेजारणीला म्हणाली, "दुकानात ओरडून ओरडून हिने पार वाट लावली बघा आवाजाची. पूर्वी काय होता!"

बगळीच्या हातातली मापाची टेप खाली पडली. "आई, तो माझा नव्हताच! कधीच नव्हता. दुसरीच बाई बोलायची."

शेजारीण काम आठवून उठली. आईने हळूच विचारलं, "मग ती कोण?"

"असेल कुणीतरी."

"आहे का गं अजून? एकदा आण ना तिला."

"आणि मी? इतकी वर्षं हे पोटात ठेवून बसले, त्याचं काही नाही तुला?"

"तू तर घरातच आहेस," आई म्हणाली.

त्या रात्री बगळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही आईने तेच टुमणं लावलं, तिसऱ्या दिवशीही. अखेर पत्ता मिळाला तो दुकानातच. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला जाड पडदे हवेत म्हणून एक म्हातारा तंत्रज्ञ आला, त्याने बगळीला ओळखलं आणि बोलता बोलता सांगितलं, "त्या बाई? पुलापलीकडे राहतात की. सायकलच्या दुकानावर."

बगळी चांगली साडी नेसून, केस नीट करून गेली. निदान त्या बाबतीत तरी तिला हरायचं नव्हतं. दार उघडलं ते साठीकडे झुकलेल्या, ठेंगण्या बाईने. आवाज मात्र तसाच होता, जरासुद्धा उतरला नव्हता.

बगळीने ओळख सांगितली. बाई चष्मा पुसत आठवू लागली. "तुमचे माझ्याकडे तीन होते ना? का चार?"

"सात," बगळी म्हणाली. आयुष्यभर जिच्यावर ती जळत आली, तिला आकडासुद्धा आठवत नव्हता.

"अहो, दोन दिवसांत एक सिनेमा उरकायचे मी. चेहरे कुठले लक्षात राहायला!" बाई हसली. मग एकाएकी थांबली. "थांबा. पहिल्यात तुम्ही भावाचं पत्र वाचून रडता, ते तुम्हीच ना? ते रडणं मला जमलंच नाही हो. चार वेळा केलं. शेवटी साहेब म्हणाले, राहू दे, सेटवरचं मूळचंच ठेवू. ते तुमचं आहे."

बगळीला वाटलं, ही आपली समजूत काढतेय. परत जाताना रस्ताभर तिला तेच वाटत राहिलं. पहिल्या खेळानंतर तो सिनेमा तिने कधी कान देऊन ऐकलाच नव्हता.

पुढच्या गुरुवारी बाई घरी आली, आणि मग दर गुरुवारी येऊ लागली. आईचा हात हातात घेऊन सगळ्या नायिकांची नक्कल करायची, आई खुदुखुदु हसायची. बगळी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. आईला इतकं हसवणं तिला कधी जमलं नव्हतं. सिनेमात शिरली ती शिरली, आता ही बया घरातही शिरली, असं वाटून ती चहा तिथेच थंड होऊ द्यायची.

अशाच एका गुरुवारी टीव्हीवर पहिला सिनेमा चालू होता. पत्राचा प्रसंग आला. दोघी कुठल्याशा जुन्या गाडीवानाच्या गमतीत दंग होत्या, टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाईचं खरं असेल तर एवढा एकच तुकडा तिचा, आणि तोच यांच्या हसण्यात बुडून चालला होता.

"गप्प बसा दोघी!" बगळी ओरडली. असा आवाज लागला की खाली रस्त्यावरचा माणूससुद्धा वर बघू लागला.

दोघी चिडीचूप. तिने प्रसंग मागे नेला आणि पुन्हा लावला. पत्र उघडतानाचं वाक्य गोड आवाजात आलं. मग हुंदका आला, तो जाड, फाटका, मधेच अडकणारा. शेवटी नाक ओढल्याचा आवाज.

आईने मान वर केली. "हे नाक ओढणं तुझंच गं. लहानपणी मार खाल्लास की अस्संच करायचीस." तिने हात पुढे केला. बगळीने तो धरला. बाईही मान हलवत म्हणाली, "सांगितलं होतं ना मी."

बगळी आईजवळ सरकली. ती काही बोलणार, तेवढ्यात आई बाईकडे वळली. "बरं, तू सांग गं. त्या गाडीवानाचं पुढे काय झालं?"

बगळीने हात सोडवून घेतला, आत गेली आणि चहाचं भांडं मुद्दाम आपटून ओट्यावर ठेवलं. बाहेर पुन्हा हसणं सुरू झालं होतं. तिने कप तीन काढले. बाईचा, नेहमीसारखा, कान तुटलेला.