निरोगी गटातला माणूस

एकतीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या केल्या. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत माझं टेबल होतं. खाली प्लास्टरची पोती, वर मेण वितळवायचा दिवा, आणि भिंतीवरच्या फळीवर आ वासून बसलेले पन्नासेक जबड्यांचे साचे. नवी कवळी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाठवायच्या आणि मी प्रत्येकाला तेच भाषण द्यायचो, "रात्री काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. तोंडालाही जरा विश्रांती हवी की नको?" लोक मान डोलवायचे. आपण काय सुंदर बोलतो, असं मला दर वेळी वाटायचं.

हे भाषण चालू असताना माझ्या तोंडात, खाली डावीकडे, दोन खोट्या दातांचा एक तुकडा बसलेला असायचा, आणि तो मी रात्री कधीच काढत नव्हतो. सगळे जेवायला गेलेले बघून मीच तो गुपचूप केला होता. स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःच घेतलं, त्यामुळे ते चुकलं. तुकडा जिभेच्या कडेला घासायचा. पण दाखवणार कुणाला? दाखवलं असतं तर माझं काम बिघडलंय हे कळलं असतं. शिवाय हेही कळलं असतं, की मी सुईला इतका घाबरतो की टेबलापासून बारा पावलांवरच्या पेशंटच्या खुर्चीत मी कधी बसलेलोच नाही.

हिरड्यांतून रक्तही यायचं. बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली की मी ब्रशवर राग काढायचो. वर्षभरात सहा ब्रश बदलले. हिरड्या त्याच राहिल्या.

अशातच एक संशोधक बाई दवाखान्यात आल्या. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर झालेल्यांच्या तोंडात कोणकोणते जंतू राहतात, हे त्या तपासत होत्या. तुलना करायला त्यांना धडधाकट माणसं हवी होती, पन्नाशीच्या पुढची, सिगारेट-तंबाखू-दारू काही नसलेली. मी ताबडतोब हात वर केला. खोलीत आम्ही तिघंच होतो, हात वर करायची काही गरज नव्हती.

घरी जाऊन बायकोला म्हटलं, "संशोधनासाठी माझी निवड झालीये. निरोगी गटात."

"तुमची?" ती म्हणाली. "मग मीही येते. तुम्ही चालत असाल तर मला नको कोण म्हणणार?"

ठरल्या दिवशी दात न घासता, काही न खाता आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. बाईंनी दोघांच्या हातात एकेक नळी दिली. रेघेपर्यंत लाळ भरायची होती. बायकोने चार मिनिटांत नळी भरून दिली आणि मासिक चाळत बसली. माझं तोंड मात्र कोरडं ठणठणीत.

"लिंबाचा विचार करू का?" मी विचारलं.

"नको, कसलाच विचार करू नका," बाई म्हणाल्या.

"ते त्यांना छान जमतं," बायको मासिकातून डोकं वर न काढता म्हणाली.

वीस मिनिटांनी नळी कशीबशी भरली. मला वाटलं, सुटलो. पण आता हिरड्यांच्या कडेचाही नमुना घ्यायचा होता, आणि त्याआधी डॉक्टरीणबाई तोंड तपासणार होत्या. म्हणजे ती खुर्ची! बायकोदेखत पळता येईना. बसलो. हातांनी खुर्ची अशी घट्ट धरली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, ती कुठे जात नाहीये."

आरसा तोंडात गेला आणि त्यांचं हसू थांबलं. आधी त्यांनी तुकडा काढला आणि उजेडात धरला. "हे कुणी केलं?" मी छताकडे बघू लागलो. त्यांनी काम ओळखलं असणार, कारण पुन्हा विचारलं नाही. मग रुमालाने जीभ धरून बाजूला ओढली. तिथे नखाएवढा पांढरट-लाल चट्टा होता.

"किती दिवस झाले?"

"आवहाभर," मी म्हणालो. 'आठवडाभर' म्हणायचं होतं, पण जीभ त्यांच्या हातात होती.

"आठ महिने," बायको म्हणाली. "जेवताना डावीकडून चावत नाहीत. विचारलं की म्हणतात, सवय आहे."

मला वाटत होतं, तिला कळलेलंच नाही.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यासाठी सुई टोचली आणि मी चक्कर येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. इतकी वर्षं ज्याला घाबरलो त्यातला निम्मा भाग मी पाहिलाच नाही.

आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर. लहान, वेळेत सापडलेला, पण कॅन्सरच. डॉक्टरीणबाई सगळं नीट समजावून सांगत होत्या, आणि मी? मी त्यांना विचारलं, "पण मी निरोगी गटात आहे ना?" बायकोने माझा हात धरला. तो कितीतरी वर्षांनी धरला होता, त्यामुळे मी आणखीच घाबरलो.

संशोधक बाई नवा कागद घेऊन भेटायला आल्या. माझा नमुना आता दुसऱ्या गटात टाकायचा, त्यासाठी पुन्हा सही हवी होती. बायको पहिल्याच गटात राहिली. सही करताना मी विचारलं, "माझ्या तोंडातल्या जंतूंनीच केलं का हे? की त्या तुकड्याने?"

"ठामपणे सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "हिरड्या बिघडवणारे काही जंतू कॅन्सरच्या गाठींमध्ये जास्त सापडतात, एवढं दिसतंय. पण ते आधीपासून होते आणि त्यांनी हातभार लावला, की गाठ झाल्यावर ते तिथे राहायला आले, हेच तर आम्ही शोधतोय. तुमच्या एकट्याच्या तोंडावरून ते कळणार नाही."

खरं सांगायचं तर मला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. तो मी सोडून दुसरा कुणी असता तर फार बरं झालं असतं.

जिभेची डावी कड काढली. मानेतल्या गाठी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. दहा दिवस नाकातल्या नळीतून जेवलो. बोलता येत नव्हतं म्हणून बायकोने पाटी आणून दिली. पहिल्याच दिवशी मी त्यावर लिहिलं, "चुकलो." तिने वाचलं, पुसलं आणि म्हणाली, "अक्षर काय घाण आहे तुमचं." मग बाहेर जाऊन बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. पाटीच्या खडूची धूळ गेली म्हणाली.

महिन्याभराने बोलायचे व्यायाम सुरू झाले. 'र' आणि 'ळ' माझ्या हाताबाहेर गेले होते. 'कवळी' हा शब्दच मला म्हणता येईना. शिकवणाऱ्या ताई सांगायच्या, "घाई नको, एकेक शब्द सुटा म्हणा." रोज सकाळी मी आरशासमोर उभा राहून वाक्यं म्हणायचो आणि बायको शेजारच्या खोलीतून ओरडून चुका सांगायची.

आता दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो, हिरड्या साफ करून घेतो. सुई टोचताना अजूनही डोळे मिटतो, पण पडत नाही. कामावर अर्धा दिवस जातो.

थोरल्या बहिणीला मात्र हे सगळं कळवायचं मी लांबवलं होतं. ती दूर राहते, कानाने अधू आहे, उगाच काळजी करेल म्हणून. शेवटी मागच्या महिन्यात धीर करून फोन केला. आवाज ऐकून ती घाबरेल, म्हणून फार जपून, एकेक शब्द सुटा करत, मूळ गोष्टीवर यायच्या आधी पाच मिनिटं इकडचं-तिकडचं बोललो.

"अरे वा," ती म्हणाली, "आज कसं छान बोलतोयस! जन्मभर गडबड-गडबड बोलायचास, मला निम्मं कळायचंच नाही. आता असंच बोलत जा हं."

मी म्हटलं, "हो, ताई."